काचेमागची झोप

झोप्याच्या पलंगावरची चादर कोपऱ्यांना पुरेना, तेव्हाच वहिनींना संशय आला. ती त्यांनीच शिवलेली होती, पलंगाचं माप घेऊन, चारी बाजूंनी वीतभर आत खोचता येईल अशी. मागच्या रविवारी व्यवस्थित खोचली होती. आज एक कोपरा ओढला की समोरचा निसटत होता. धुतल्यावर चादर आटते, पण एवढी नाही, आणि गादी कारखान्याच्या शिलाईखात्यात केस पांढरे केलेल्या बाईला हे कुणी सांगायची गरज नव्हती. चादर होती तेवढीच होती. गादी वाढली होती.

एखाद्या गोष्टीचा उलगडा झाला नाही की वहिनींना जेवण गोड लागत नसे. घरातले त्यांना ‘चौकशी खिडकी’ म्हणायचे आणि त्या ते कौतुक समजून चालायच्या. त्यांनी चादर बाजूला केली आणि गादीची कड उचलली. सगळ्यात खाली अप्पांची कापसाची गादी होती, सत्तरी ओलांडल्यावरही सासऱ्यांनी स्वतः बसून टाके घातलेली. तिच्यावर काकांनी आपल्या कारखान्यातून कामगाराकरवी पाठवलेला फोम. कापूस की फोम ह्यावरून ह्या दोघा सख्ख्या भावांनी धंदा वाटून घेतला होता, बोलणं टाकलं होतं, आणि इथे त्यांचा माल एकमेकांवर गुण्यागोविंदाने पडला होता. फोमवर वहिनींच्या नवऱ्याने, म्हणजे दादांनी, आणून टाकलेला स्प्रिंगचा पातळ नमुना. त्याचं लेबलही काढलेलं नव्हतं. आणि सगळ्यात वर सासूबाईंची दुलई, चौपदरी दुमडून. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाने गुपचूप आपापला थर घातला होता.

ह्या घराला माया करायची एकच रीत ठाऊक होती: माणसाच्या खाली काहीतरी मऊ सरकवायचं. वहिनींना हसू आलं. मग त्या उंच पलंगाकडे बघता बघता ते मावळलं. एवढ्यावर चढून त्यांचा धाकटा दीर झोप्या रात्रभर टक्क जागा असायचा.

दारू सुटून त्याला चार महिने होत आले होते. हातांची थरथर थांबली होती, गालांवर मांस आलं होतं, कारखान्यात कापडाच्या कटिंगवर तो परत उभा राहू लागला होता. झोप तेवढी परत आली नव्हती. बुधवारी वहिनी त्याला व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, तेव्हा नंबर येईपर्यंत बाकावर बसल्या बसल्या तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला होता, “वहिनी, काल मी बारच्या पायरीपर्यंत जाऊन आलो. प्यायची इच्छा नव्हती हो, झोपायची होती. असंच चाललं ना, तर ह्या महिन्यात मी पिणार. आधीच सांगून ठेवतो.”

आवाजात धमकी नव्हती की रडगाणं नव्हतं. त्यामुळेच वहिनींना ते खरं वाटलं. दारू पिणारा दीर त्यांनी दहा वर्षं सांभाळला होता. ते दिवस परत बघायची त्यांची ताकद उरली नव्हती, आणि त्याचीही उरली नसावी असं त्यांना त्या बाकावर स्पष्ट दिसलं.

डॉक्टरीणबाईंनी तासभर बोलून काय करायचं ते सांगितलं, आणि निघताना वहिनींच्या हातात एक प्रश्न ठेवला. “दारूच्या आधी ह्यांची झोप कशी होती? चांगली झोप ह्यांच्या शरीराने कधी पाहिली आहे का, आणि कुठे? ह्यांना विचारलं की नुसते खांदे उडवतात. तुम्ही घरच्यांना विचारून या.”

चौकशी खिडकीला आणखी काय हवं होतं? वहिनींनी रविवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं. काकांनाही.

वाटणीनंतर काका पहिल्यांदाच ह्या घराची पायरी चढले होते. अप्पांनी त्यांना ‘ये’ म्हटलं नाही, पण खुर्चीवरचा पेपर उचलून मांडीवर घेतला, आणि काका त्या खुर्चीत बसले. आई, म्हणजे सासूबाई, दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. दादा भिंतीला टेकून उभे. आणि झोप्या जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, समोर रिकामा कप.

काकांनी इकडचं तिकडचं बोलण्यात वेळ घालवला नाही. शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी टेबलावर टाकली. “अर्धी रात्री आणि अर्धी लागली तर. मी स्वतः घेतो. काय झालंय मला?”

“घोरतोस तू,” अप्पा म्हणाले. इतक्या वर्षांनंतरचं हे त्यांचं भावाशी पहिलं वाक्य.

“घोरतो म्हणजे झोपतो ना!”

“ते बरोबर आहे,” अप्पा म्हणाले. वहिनींनी चमकून पाहिलं. कापूस आणि फोम एका बाजूला, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. “पोराला झोप हवीय. गोळीने येत असेल तर गोळीने येऊ दे. काय रे थोरल्या?”

“माझं पण तेच मत,” दादा म्हणाले. “हा पेंगत कटिंगला उभा राहतो. परवा मशीनचं पातं बोटापासून एवढंसं लांब होतं. उद्या काही झालं तर?”

तिन्ही पुरुष एकीकडे. झोप्याची नजर पट्टीवर खिळली होती, आणि वहिनींना ती नजर चांगली ओळखीची होती. त्यांनी हात लांब करून पट्टी आपल्याकडे ओढली आणि वरती स्वतःचा चष्मा ठेवला.

“डॉक्टरांना मी हेच विचारलं,” त्या म्हणाल्या. “त्या म्हणाल्या, दारू आणि ह्या गोळ्या मेंदूच्या एकाच दारावर थाप मारतात. ज्याला दारूची सवय होती त्याला ह्यांची लागायला वेळ लागत नाही. आणि वरून कधी दारू प्यायलीच, तर श्वासावर बेतू शकतं. औषध लागलंच तर त्या वेगळं देतील, त्यांच्या देखरेखीखाली. तोपर्यंत घरात कुणी दुकानदारी करायची नाही.”

“मग करायचं काय? अंगाई म्हणायची?” काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

“नाही. गादी काढायची.”

अप्पांनी पेपर टेबलावर ठेवला.

“म्हणजे ही सगळी चळत,” वहिनींनी वरच्या खोलीकडे बोट दाखवलं. “मी आज मोजली. कुणी कुणी काय काय घातलंय ते सगळं कळलंय मला.”

चौघांनी चार दिशांना पाहिलं.

“एकच गादी ठेवायची. आणि तिच्यावर दिवसा पडायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, विचार करत लोळायचं नाही. बारा वाजेपर्यंत जागं राहायचं, झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत येऊन बसायचं, डोळे मिटायला लागले की परत जायचं. आणि सकाळी ठरलेल्या वेळेला उठायचं म्हणजे उठायचं, रात्री एक तास झोप झालेली असो की चार. दर आठवड्याला दाखवायला जायचं, त्या बघतील आणि हळूहळू झोपेची वेळ वाढवतील.”

“झोप येत नाही म्हणून झोपायचं कमी?” अप्पांना हे ऐकवेना. “गादीवाल्याच्या पोराने गादीवर पडायचं नाही? सूनबाई, ह्या बाई शिकलेल्या आहेत ना?”

“मी पण हेच विचारलं.”

“तू विचारलंस ह्यात शंका नाही.”

“त्या म्हणाल्या, पलंगावर जागं राहून राहून शरीराला वाटायला लागतं की पलंग ही जागं राहायची जागा आहे. ते मोडायचं. शरीराला भूक लागली पाहिजे झोपेची. दारू सोडलेल्या कितीतरी लोकांची झोप अशी महिनोन्‌महिने बिघडलेली राहते, आणि त्यातले बरेच जण झोपेसाठी म्हणून परत बाटलीकडे जातात. म्हणून आता हा वेगळा आजार समजून त्याच्याच मागे लागायचं. पहिले काही आठवडे जड जातील. तेवढे दिवस भाऊजींनी मशीनवर उभं राहायचं नाही. कटिंगला मी उभी राहीन.”

दादा भिंतीपासून हलले. “तू शिलाई सोडून कटिंगला?”

“तुमच्यापेक्षा सरळ कापते.”

ह्यावर आई हसल्या, आणि दादांनाही हसावं लागलं. “मग मी वहिनीच्या बाजूने,” ते झोप्याकडे बघून म्हणाले. तिघांचे दोनच राहिले. वहिनींनी तेवढ्यात डॉक्टरांचा प्रश्न टेबलावर मांडला.

आणि काय आश्चर्य, सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. ह्या प्रश्नाचं उत्तर तर घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं!

“अगं, ह्याला झोप्या नाव कुणी दिलं?” काका खुर्चीत पुढे सरकले. “मी! चार-पाच वर्षांचा होता. खाली दुकानाच्या शोकेसमध्ये नवीन गादी मांडली की हा तिच्यावर जाऊन पडायचा आणि गाढ! बाहेर रस्त्यावर गाड्यांची ये-जा, काचेला नाक लावून लोक उभे, पण हा ढिम्म हलायचा नाही.”

“गिऱ्हाइकांना मी मुद्दाम दाखवायचो,” अप्पा म्हणाले. हा विषय निघाला की त्यांचं वय दहा वर्षांनी कमी व्हायचं. “अंगठीने काचेवर अशी टकटक करायचो. बघा म्हणायचो, हलतो का बघा. एवढीशी मूठ गालाखाली, ओठ मिटलेले, पावलं उघडी. लोक आत यायचे आणि म्हणायचे, ह्या पोराच्या खाली आहे ती द्या.”

“त्या गादीवर आपण उभे राहिलो,” काका म्हणाले. दोघे भाऊ एकमेकांकडे बघून हसले, आणि हसल्याचं लक्षात आल्यावर दोघांनी मान फिरवली.

“म्हणजे दारूच्या आधी झोप उत्तम,” वहिनी म्हणाल्या. “शोकेसमध्ये. मग मी डॉक्टरांना असं सांगू?”

त्या झोप्याकडे वळल्या होत्या. उत्तर त्याच्याकडून अपेक्षित नव्हतं. तो कपाचा कान बोटाने फिरवत होता.

“मी झोपत नव्हतो,” तो म्हणाला.

“कधी?” दादांनी विचारलं.

“शोकेसमध्ये. एकदाही नाही.”

“काहीतरीच,” अप्पा म्हणाले. “मी बघत होतो की.”

“अप्पा, तुमची अंगठी वाजली की गिऱ्हाईक आलं, हे मला कळायचं. मग डोळे घट्ट मिटायचे नाहीत, घट्ट मिटले की खोटं वाटतं. हलकेच मिटायचे. डावी मूठ गालाखाली. तोंड उघडं ठेवायचं नाही, तुम्हीच म्हणाला होतात, उघडं तोंड बरं दिसत नाही. श्वास हळू. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही.” तो सांगत होता ते शांतपणे, एखादं काम कसं करायचं हे नव्या कामगाराला समजावावं तसं. “गिऱ्हाईक आलं हे कळायचं. पण गेलं हे कुणी सांगायचं नाही. तुम्ही त्यांच्यामागे बिल करायला आत जायचात. मग मी तसाच पडून राहायचो. कुणी अजून बघत असलं तर?”

अप्पांचा अंगठीचा हात पेपरवर होता. तो त्यांनी मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकला. काका म्हणाले, “अरे, पण तू... आम्हाला वाटायचं...”

“मला माहीत आहे काय वाटायचं. तुम्ही खूश असायचात. मलाही आवडायचं ते. कुणी मारून मुटकून नाही झोपवलं मला.”

“तुझे पाय गार असायचे,” आई अचानक म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक होता की सगळे त्यांच्याकडे वळले. “झोपलेल्या पोराचे पाय कोमट असतात. तुझे गार लागायचे. मी मोजे घालायला आले, तर हे म्हणाले, मोजे नकोत, पावलं दिसली पाहिजेत. मला कळायला हवं होतं रे.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

वहिनींनाही गलबलून आलं, पण त्यांच्या डोक्यात एक धागा सुटला होता आणि तो हातात आल्याशिवाय त्यांना राहवेना. “आणि रात्री? स्वतःच्या अंथरुणात?”

“तेच. डोळे मिटले की अंगठीची वाट बघायचो. कुठूनतरी कुणीतरी बघतंय असं वाटायचं. पहाटे कधीतरी डोळा लागायचा.” त्याने कप बाजूला सारला. “पहिल्यांदा प्यायलो ते गोदामात, एकोणीस वर्षांचा असताना. कापसाच्या गाठींमध्ये. डोळे आपोआप मिटले. कुणी बघतंय का हा विचारच आला नाही. उठलो तेव्हा मला वाटलं, अच्छा, लोक ह्याला झोप म्हणतात होय.”

वहिनींच्या डोळ्यांसमोर आपलाच रोजचा शिरस्ता उभा राहिला: रात्री पाणी प्यायला उठायचं आणि जाता जाता दिराच्या दारातून हळूच डोकवायचं. आई डोकवायच्या. दादा डोकवायचे. सकाळी सगळे एकमेकांना सांगायचे, काल बरी झोप लागली होती हं त्याला.

“भाऊजी,” त्या सावकाश म्हणाल्या, “आम्ही रात्री दारातून बघतो, तेव्हा...?”

तो पहिल्यांदाच थोडासा हसला. “मूठ गालाखाली, वहिनी. ओठ मिटलेले.”

“आणि उठून बाहेर का येत नाही?”

“आलो की सगळं घर उठतं. आई दूध तापवते. अप्पा गादी बदलू म्हणतात. त्यापेक्षा पडून राहणं परवडतं.”

म्हणजे शोकेस बंद झालीच नव्हती. नुसती वरच्या मजल्यावर आली होती, आणि वहिनी स्वतः काचेबाहेरच्या गर्दीत उभ्या होत्या. माणूस जागा राहून खंगत होता आणि सगळं घर खुशीत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, आनंदही झाला. डॉक्टरांना न्यायला एवढं मोठं उत्तर मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“त्याच्या दाराला आतून कडी बसवायची,” त्या म्हणाल्या. “आजच. कुणी डोकवायचं नाही. रात्री तो बाहेर येऊन बसला तर बसू द्यायचा, कुणी उठायचं नाही, दूध तापवायचं नाही. आई, तुम्हीसुद्धा.”

आईंनी मान डोलावली. काकांनी चष्म्याखालची पट्टी सरकवून घेतली आणि परत खिशात घातली. “मी पण दाखवून येतो तुझ्या त्या बाईंना,” ते पुटपुटले. “घोरण्याचं.”

अप्पा उठले आणि जिना चढून वर गेले. मागोमाग काका गेले. थोड्या वेळाने वरून सरकवण्याचे, धापा टाकण्याचे आणि भांडणाचे आवाज येऊ लागले. “आधी तुझा कापूस काढ.” “माझा कापूस खाली आहे, तो कसा आधी निघेल? डोकं आहे का?” मग दोन म्हातारे फोमची सुरळी दोन टोकांना धरून जिन्यावरून उतरताना दिसले, आणि दादा मदतीला धावले.

संध्याकाळी काका गेले, दिवे लागले. अजून बारा वाजायला खूप अवकाश होता आणि झोप्याला तोपर्यंत जागं ठेवायचं होतं. त्याच्याशी पत्ते खेळायला आधी दादा बसले, मग आई. आईंचेच डोळे मिटायला लागले तेव्हा अप्पा म्हणाले, “मी बसतो. खाली दुकानात बसतो आम्ही, तिथे लाकडी खुर्च्या आहेत.”

दुपारच्या त्या बोलण्यानंतर झोप्याबद्दल त्यांनी तोंड उघडलं ते आत्ताच. वहिनींना दोघांना एकटं सोडावं की नाही कळेना, पण बापलेक जिना उतरून गेलेसुद्धा.

तासाभराने, खालून बोलण्याचा आवाज येईनासा झाला म्हणून त्या उतरल्या. कारण पुरेसं होतं. नसतं तरी त्या उतरल्या असत्या. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या.

शोकेसचं शटर अप्पांनी आतून ओढून घेतलं होतं. मधल्या टेबलावर पत्ते पसरलेले. लाकडी खुर्चीत झोप्या एका बाजूला कलंडला होता. मान वाकडी, एक हात खाली लोंबकळलेला, बोटं मधूनच उडत होती. तोंड चांगलं उघडं होतं आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर आली होती. गिऱ्हाइकाने अशा माणसाकडे बघून एक उशीही विकत घेतली नसती.

अप्पा त्याच्यासमोर उभे होते. अंगठी त्यांच्या बोटात नव्हती; ती टेबलावर पत्त्यांमध्ये पडलेली होती.

“सूनबाई,” ते पाठ न वळवता कुजबुजले, “असा झोपतो हा.”

“हो, अप्पा.”

“मी कधी बघितलंच नव्हतं. पोर झोपतं कसं हेच मी कधी बघितलं नव्हतं.”

“आत्ताच लागलीय?”

“आत्ताच. राहू दे ना पाच मिनिटं. कुणाचं काय बिघडतंय?”

वहिनींनाही तेच वाटत होतं. अंगावर काहीतरी पांघरावं, दिवा मालवावा, दार ओढून घ्यावं. इतक्या महिन्यांनी आलेली झोप मोडायची म्हणजे जिवावर आलं होतं. पण आत्ताची पाच मिनिटं रात्रीतून वजा होणार होती, आणि आजची रात्र तशीच गेली तर उद्या बारची पायरी. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

अप्पा आणखी क्षणभर बघत राहिले. त्या उघड्या तोंडाकडे, त्या उडणाऱ्या बोटांकडे, त्यांनी डोळे भरून पाहून घेतलं. मग ते वाकले. टेबल वाजवलं नाही, टाळी वाजवली नाही. मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“ऊठ, बाळा,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक गेलं.”